नकाराचा कागद : एका माजी सैनिकाच्या आपत्कालीन उपचारांच्या बिलाचे प्रकरण

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावातल्या निवृत्त हवालदाराचे आहे. मराठा लाइट इन्फंट्रीत एकवीस वर्षे नोकरी करून ते १९९४ साली घरी आले. आमच्या भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला, हुद्दा कोणताही असो, मेजरच म्हणतात, म्हणून इथेही मी त्यांना मेजर म्हणतो. गावाचे, रुग्णालयांचे आणि माणसांचे नाव घेणार नाही, कारण कुटुंबाची तशी इच्छा आहे.

मी स्वतः सैन्यात क्लार्क होतो. गेली काही वर्षे तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेत बसून लोकांचे पेन्शनचे आणि दवाखान्याचे कागद भरून देतो. मेजरांची फाइल तिसऱ्या दिवसापासून माझ्या हातात होती, त्यामुळे तारीख-वेळेसकट सांगता येते.

शनिवारची रात्र

१३ जुलै २०२४. रात्री अकराच्या सुमारास मेजरांच्या पोटात कळ आली. ते पडवीत सतरंजी टाकून झोपले होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ओवा दिला, गरम पाणी दिले. अर्ध्या तासात त्यांना पाणी गिळता येईना, पापण्या खाली यायला लागल्या, जीभ जड झाली. मुलाने बॅटरी मारून पाहिले तर भिंतीच्या कडेला काळाभोर, पांढऱ्या पट्ट्यांचा मण्यार होता. मण्यार चावल्याचे पुष्कळदा कळतच नाही. सूज नसते, दाताची खूण शोधूनही सापडत नाही, आणि तोवर विष मज्जातंतूंवर काम सुरू करते. पुढे श्वासाचे स्नायूच थांबतात.

"अण्णांना पान लागलंय, गाडी काढा," असे ओरडत मुलगा शेजाऱ्याच्या दारात गेला. बारा वाजून दहा मिनिटांनी ते ग्रामीण रुग्णालयात पोचले. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पापण्या पाहूनच ओळखले आणि सर्पदंशाच्या लशीच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालणारी ही एकच लस सरकारी रुग्णालयांत ठेवलेली असते. एकच्या सुमारास श्वास उथळ झाला. व्हेंटिलेटर लागणार हे ओळखून डॉक्टरांनी १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावली आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले.

तिथे एक वाजून पन्नास मिनिटांनी श्वासनलिकेत नळी घातली गेली. पण व्हेंटिलेटर एकही मोकळा नव्हता. निवासी डॉक्टर हाताने फुगा दाबून श्वास देत राहिले. मुलाने चार किलोमीटरवरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयाला फोन लावला. हे रुग्णालय माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या यादीत होते, हे त्याला गावातल्याच एका फौजीने कधीतरी सांगितलेले होते. फोनवर उत्तर मिळाले, "ईसीएचएसची आमची बिलं अडकलीत, त्या कोट्यातून बेड देता येणार नाही. कॅश पेशंट म्हणून आणा, एक लाख डिपॉझिट भरा." मुलाकडे तेवढे नव्हते. फोन दोन वाजून सहा मिनिटांनी झाला आणि दोन मिनिटे चौदा सेकंद चालला. ही वेळ मुद्दाम लिहून ठेवतो आहे, पुढे ती कामाला आली.

शेवटी जवळच्या एका लहान खासगी रुग्णालयाने ५० हजारांवर दाखल करून घेतले. वेळ, रविवारची पहाट, दोन वाजून चाळीस मिनिटे. हे रुग्णालय ईसीएचएसच्या यादीत नव्हते आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही नव्हते. मेजर पाच दिवस व्हेंटिलेटरवर राहिले, सहा दिवस आयसीयूत, मग तीन दिवस वॉर्डात. २३ जुलैला चालत घरी आले. उपचारांबद्दल मला तक्रार नाही. ग्रामीण रुग्णालयातल्या त्या डॉक्टरांनी आणि तासभर फुगा दाबणाऱ्या निवासी डॉक्टरांनी हा माणूस परत दिला.

कोणत्या दारात काय पडते

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना. १ एप्रिल २००३ पासून ती सुरू झाली. त्या तारखेनंतर पेन्शनवर आलेल्यांना ती सक्तीची, आधीच्यांना ऐच्छिक. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना एकरकमी वर्गणी माफ आहे, म्हणून मेजरांना सभासद होताना काही भरावे लागले नव्हते, फक्त पेन्शनबरोबर मिळणारा वैद्यकीय भत्ता बंद झाला. एरवीचा रस्ता असा : आधी पॉलिक्लिनिक, म्हणजे योजनेचा स्वतःचा दवाखाना, तिथला डॉक्टर पाहणार, गरज असेल तर यादीतल्या रुग्णालयाची चिठ्ठी देणार, आणि रुग्णालय बिल परस्पर योजनेकडे पाठवणार. सभासदाच्या खिशाला हात लागत नाही.

जीव जाण्याची वेळ आली तर हा क्रम मोडायला परवानगी आहे. कोणत्या अवस्थांना आपत्काल म्हणायचे याची यादी योजनेच्या नियमांतच आहे. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, मोठे अपघात यांच्यासोबत विषबाधा आणि सर्पदंश त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. मात्र बिल कोण भरणार हे आजारावरून ठरत नाही, ते रुग्ण कोणत्या दारातून आत गेला यावरून ठरते.

मेजर त्या रात्री तीन दारांतून गेले आणि चौथ्याला फोन केला. ग्रामीण रुग्णालयात एक रुपया लागला नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत आहे, माजी सैनिक असो की आणखी कोणी. १०८ ला पैसे नसतातच. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय मात्र दुसऱ्या खात्याचे, वैद्यकीय शिक्षण विभागाचे. तिथे ही सरसकट माफी लागू नाही. शुल्क किरकोळ असते, आणि ते भरल्याची पावती जोडली तर ईसीएचएसकडून परत मागता येते. मेजरांच्या बाबतीत तिथले खरे बिल निराळेच निघाले : बाहेरच्या मेडिकलमधून आणायला सांगितलेल्या साहित्याचे १,१८० रुपये. डॉक्टरांची चिठ्ठी घाईत दुकानदाराकडेच राहिली, पावतीवर रुग्णाचे नाव नव्हते. ते १,१८० दाव्यात धरताच आले नाहीत. सरकारी रुग्णालयातून आलेल्या बहुतेक फायलींत मला हेच दिसते. रुग्णालयाचे बिल शून्य असते, पण बाहेरून आणलेल्या औषधांचे पैसे गेलेले असतात आणि त्यांचा कागद नसतो.

सैनिकी रुग्णालय हेही सरकारीच. पेन्शनर माजी सैनिकाला तिथे बिल येत नाही. पण आमच्यापासून पुणे शंभर किलोमीटरहून लांब, आणि हाताने श्वास देत असलेल्या रुग्णाला त्या रात्री तिकडे नेणे कोणत्याही डॉक्टराने मान्य केले नसते.

यादीतल्या खासगी रुग्णालयाने आपत्कालीन सभासदाला घ्यायलाच हवे. योजनेशी केलेल्या करारातच आहे की अशा वेळी दाखल करायला नकार द्यायचा नाही आणि आगाऊ रक्कम मागायची नाही. दाखल केल्याची खबर पॉलिक्लिनिकला देण्याची जबाबदारीही रुग्णालयाचीच. बिले वेळेवर मिळत नाहीत ही रुग्णालयांची तक्रार खोटी नाही, ती मी अनेक ठिकाणी ऐकली आहे. पण तिची वसुली पहाटे दोन वाजता दारात तडफडणाऱ्या माणसाकडून करायची नसते, आणि करार त्यासाठीच आहे.

यादीबाहेरच्या रुग्णालयात सगळा भार कुटुंबावर येतो. दाखल झाल्यापासून ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे, बिल स्वतः भरायचे, मग दावा करायचा, आणि परतफेड मिळते ती सीजीएचएसच्या, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या दराने. रुग्णालयाने काय दर लावला हे त्यात धरले जात नाही.

हे सगळे मी आज सहज लिहितो आहे. त्या रात्री त्या घरात यातले कोणालाही काही ठाऊक नव्हते.

सोमवारची संध्याकाळ

मला फोन आला तो सोमवारी संध्याकाळी सहा वाजता.

"काका, अण्णा आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात अजून पैसे भरा. सोनं ठेवू का?"

मी आधी विचारले, "पॉलिक्लिनिकला कळवलंस का?"

"कशाला? ते तर यादीतल्या दवाखान्यासाठी असतं ना?"

हा गैरसमज सगळ्यांत महाग पडतो, आणि तो जवळजवळ प्रत्येक घरात आहे. रुग्णालय यादीत नाही म्हणजे योजनेचा संबंध संपला, असे लोक धरून चालतात. उलट आहे. यादीतल्या रुग्णालयात खबर रुग्णालय देते. यादीबाहेर ती आपणच द्यायची असते, आणि घड्याळ चालू झालेले असते.

४८ तास मंगळवारी पहाटे दोन चाळीसला संपत होते. रविवार पॉलिक्लिनिक बंद असल्याने गेला होता, सोमवार पैशांच्या धावपळीत. पॉलिक्लिनिक दुपारीच बंद झाले होते. मी मुलाला घरी फोन करून कार्डाचा फोटो मागवायला सांगितले. काकूंनी ट्रंक उघडली. काळी, फौजेतली, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव लिहिलेली. त्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, मेडल आणि तळाशी ईसीएचएसचे कार्ड. फोटो सहा पस्तीसला आला.

सात वाजायला पाच मिनिटे असताना मी मुलाच्या नावाने पॉलिक्लिनिकच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवला. त्यात सभासद क्रमांक, रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची तारीख आणि वेळ, रुग्णालयाचे नाव आणि पत्ता, निदान, आधी कोणत्या दोन सरकारी रुग्णालयांत नेले होते आणि यादीतल्या रुग्णालयाने फोनवर काय सांगितले हे सगळे दहा ओळींत लिहिले. सोबत कार्डाचा आणि आयसीयूच्या केसपेपरच्या पहिल्या पानाचा फोटो. मग प्रभारी अधिकाऱ्यांना फोन केला. ते निवृत्त कर्नल, माणूस सज्जन. म्हणाले, "मेल आला असेल तर झालं. उद्या माझा माणूस पाहून जाईल."

मंगळवारी सकाळी खरेच माणूस आला, रुग्णाला पाहिले, केसपेपरची नोंद घेतली. प्रभारी अधिकाऱ्यांनी रुग्णाला यादीतल्या रुग्णालयात हलवता येईल का, असे विचारले. नियमानुसार त्यांनी ते विचारायलाच हवे होते. आयसीयूच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितले, "आता हलवायचं नाही." मी मुलाला म्हटले, हेच लेटरहेडवर लिहून घे. त्याला संकोच वाटला, डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखे होईल म्हणून. डॉक्टरांनी मात्र दोन ओळी लगेच लिहून दिल्या : रुग्ण कृत्रिम श्वासावर आहे, हलवणे धोक्याचे आहे. खाली सही, तारीख, वेळ.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आषाढी एकादशी होती. काकू आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर निरंकार उपास करून बसल्या होत्या. शुक्रवारी सकाळी नळी काढली.

इथे माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगतो. शनिवारी मेजर वॉर्डात आले तेव्हा त्यांना हलवणे शक्य होते. त्या दिवशी पॉलिक्लिनिककडून चिठ्ठी घेऊन यादीतल्या दुसऱ्या रुग्णालयात नेले असते तर पुढचे तीन दिवस बिनपैशाचे झाले असते. नळी निघाल्याच्या आनंदात आम्हा कोणाला ते सुचले नाही.

२,२३,००० चा हिशेब

डिस्चार्जच्या दिवशी हातात एका ओळीचे बिल आले : "उपचार व इतर, २,२३,०००." अशा बिलावर ईसीएचएस एक पैसा देत नाही. मी तपशीलवार बिल मागायला लावले. काउंटरवर आधी कुरकुर झाली. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाल्यापासून खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. ती काउंटरच्या शेजारीच भिंतीवर होती. मुलाने तिच्याकडे बोट दाखवले आणि संध्याकाळी चार पानांचे बिल मिळाले.

त्यात आयसीयूचे सहा दिवस, रोज ९,००० प्रमाणे ५४,०००. व्हेंटिलेटर पाच दिवस, २५,०००. डॉक्टरांच्या भेटी ३६,०००. औषधे आणि साहित्य ६२,४००. तपासण्या २१,६००. वॉर्ड तीन दिवस, १०,५००. आणि नर्सिंग, निवासी डॉक्टर, जैविक कचरा अशा सदरांखाली १३,५००.

हे पैसे कुठून आले तेही लिहितो, कारण योजनेच्या कागदांवर ते कुठेच दिसत नाही. ५० हजार त्या रात्री चुलत्यांनी आणि मित्रांनी फोनवरून पाठवले. ८० हजार काकूंच्या पाटल्या गहाण ठेवून. उरलेले ९३ हजार गावच्या पतसंस्थेकडून.

दाव्याची फाइल १९ ऑगस्टला पॉलिक्लिनिकमध्ये दिली. अर्ज, कार्डाची प्रत, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि पावत्या, तपशीलवार हिशेब, औषधांच्या चिठ्ठ्या, रुग्णालयाचा आपत्कालीन दाखला, ईमेलची प्रत, बँकेचा रद्द केलेला धनादेश. प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी ठेवली. आधीच्या एका प्रकरणात मूळ कागद वाटेत गहाळ झाले होते आणि त्या विधवा बाईंना दोन वर्षे लागली होती, तेव्हापासून मी झेरॉक्सशिवाय फाइल हलू देत नाही.

नोव्हेंबरमधले ऑब्झर्व्हेशन

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दाव्यावर त्रुटी निघाली. आमच्याकडे तिला ऑब्झर्व्हेशनच म्हणतात. दोन मुद्दे होते. पहिला : सरकारी रुग्णालयात उपचार चालू असताना रुग्णाला खासगीत का हलवले? दुसरा : चार किलोमीटरवर यादीतले रुग्णालय असताना यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल करण्याचे कारण काय?

ते वाचून मुलगा खचला. "मोफत दवाखाना सोडून मी हौसेनं अण्णांना तिथं नेलं, असं म्हणतायत का हे?" त्याचा राग मला समजतो. पण मी टेबलाच्या त्या बाजूलाही बसलेलो आहे. तपासणाऱ्याच्या समोर माणूस नसतो, कागद असतो. कागदावर दिसते ते एवढेच : रात्री पावणेदोनला रुग्ण सरकारी रुग्णालयात, पावणेतीनला खासगीत. मधल्या तासात काय घडले ते कोणीतरी लिहिलेले असेल तरच घडले.

पहिल्या मुद्द्याला उत्तर होते, आणि ते आमच्या हुशारीने मिळालेले नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयाच्या अपघात विभागातल्या सिस्टरने रुग्ण बाहेर निघताना न मागता एक चिठ्ठी मुलाच्या खिशात घातली होती. "सर्पदंश, श्वसनक्रिया बंद, नळी घातली आहे. व्हेंटिलेटर बेड उपलब्ध नाही. नातेवाइकांना कल्पना दिली." वेळ, दोन वाजता. सही आणि शिक्का. पावसात भिजून शाई थोडी पसरली होती, पण वाचता येत होते. सर्पदंश असल्याने पोलिसांना दिलेल्या खबरीचीही तिथे नोंद होती, तिची प्रत जोडली. या एका चिठ्ठीवर सव्वादोन लाखांचा दावा उभा राहिला. त्या सिस्टरचे नाव कुटुंबाला आजही माहीत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर आमच्याकडे तसे काहीच नव्हते. यादीतल्या रुग्णालयाला पॉलिक्लिनिकने विचारणा केली तेव्हा त्यांनी कळवले की असा रुग्ण आमच्या दारात आलाच नाही. अक्षराने ते खरे होते. ॲम्ब्युलन्स तिकडे वळलीच नव्हती, नकार फोनवर झाला होता. फोनवरच्या नकाराला ना सही असते ना शिक्का. करारभंगाची तक्रार करायची तरी हातात काय घेऊन?

मग आम्ही जे होते ते गोळा केले. मुलाच्या मोबाइल कंपनीकडून त्या रात्रीच्या कॉलचा तपशील काढला. त्या रुग्णालयाच्या फलकावरचाच क्रमांक, दोन वाजून सहा मिनिटे, दोन मिनिटे चौदा सेकंद. १०८ च्या नोंदपत्राची प्रत मागवली. त्यात ॲम्ब्युलन्सवरच्या डॉक्टरांनी सुटण्याची आणि पोचण्याची वेळ, ऑक्सिजनची पातळी, आणि शेवटी "अन्य खासगी रुग्णालयाशी नातेवाइकांचा संपर्क, बेड नाही" एवढे लिहिले होते. आणि आमचा सोमवारचा ईमेल होताच, ज्यात चौथ्या ओळीवर या नकाराचा उल्लेख होता. बिल हातात यायच्या आठ दिवस आधी लिहिलेला, म्हणून तो नंतर रचलेला आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते.

उत्तरासोबत मी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा हवाला जोडला. शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार, १३ एप्रिल २०१८. प्रकरण सीजीएचएसच्या पेन्शनराचे होते. न्यायालयाने म्हटले आहे की रुग्णालयाचे नाव यादीत नाही एवढ्यावरून परतफेड नाकारता येत नाही. उपचार खरोखर घेतले का, आणि डॉक्टर-रुग्णालयाच्या नोंदींतून ते सिद्ध होतात का, हे पाहायचे. हा निकाल मी प्रत्येक अशा फाइलला जोडतो. पण नुसता निकाल जोडून दावा मंजूर झालेला मी पाहिलेला नाही. त्याच्या मागे नोंदी लागतात, आणि निकालही नेमके तेच सांगतो.

मंजूर झालेली रक्कम

मार्च २०२५ मध्ये १,२१,४०० रुपये मेजरांच्या खात्यात जमा झाले.

आयसीयूचे रोज ९,००० ऐवजी ५,४०० धरले, सहा दिवसांचे ३२,४००. सीजीएचएसने एप्रिल २०२३ मध्ये ठरवलेला तो दर होता आणि खोलीभाडे त्यातच येत होते. वॉर्डाचे रोज १,५०० प्रमाणे ४,५००. हवालदार हुद्द्याला जनरल वॉर्ड, सुभेदारांच्या वर्गाला निमखासगी आणि अधिकाऱ्यांना खासगी खोली अशी पात्रता असते. मेजर दोन खाटांच्या खोलीत होते, कारण जनरल वॉर्ड भरला होता, पण परतफेड पात्रतेप्रमाणेच होते. औषधांचे ५७,९०० मिळाले, ४,५०० चिठ्ठीशी न जुळल्याने कापले गेले. व्हेंटिलेटर, डॉक्टरांच्या भेटी आणि तपासण्या मिळून २६,६००. नर्सिंग वगैरेच्या १३,५०० पैकी काही नाही, कारण सीजीएचएसच्या हिशेबात ते खोलीच्या दरात धरलेले असते.

सीजीएचएसच्या बहुतेक उपचारांचे दर २०१४ पासून तसेच चालत आले होते. मधे खोलीभाडे, आयसीयू आणि डॉक्टरांच्या भेटीच्या शुल्कासारखे मोजके दर तेवढे वाढले. १३ ऑक्टोबर २०२५ पासून मोठी फेररचना झाली आहे, तेव्हा आज असे प्रकरण आले तर वरचे आकडे तसेच्या तसे धरू नयेत. पण दर कितीही सुधारले तरी यादीबाहेरच्या रुग्णालयाला ते बांधील नसतात. फरक राहतोच, आणि तो सभासदाचा.

मेजरांच्या बाबतीत हा फरक १,०१,६०० रुपयांचा आहे. मला हे न्याय्य वाटत नाही, आणि का ते सांगतो. स्वतःच्या पसंतीने यादीबाहेर गेलेल्या सभासदाला दराचा फरक सोसायला लावणे मी समजू शकतो. इथे सरकारी रुग्णालयात यंत्र नव्हते, ते शासनाचे कमी पडणे होते. यादीतल्या रुग्णालयाने करार मोडला, त्याच्यावर देखरेख योजनेची होती. या दोन्ही ठिकाणी मेजरांची किंवा त्यांच्या मुलाची काडीची चूक नव्हती, आणि दोन्हींची किंमत त्यांच्याच घरातून गेली.

म्हणून एप्रिल २०२५ मध्ये आम्ही उरलेल्या रकमेसाठी खास बाब म्हणून विचार व्हावा असा अर्ज केला. त्यात नवीन कागद एकच होता. गावच्या दुसऱ्या एका माजी सैनिकाने लेखी निवेदन दिले की त्याच रुग्णालयाने त्यालाही, त्याच महिन्यात, याच कारणाने परत पाठवले होते. त्याच्या बाबतीत मात्र तो रुग्णाला घेऊन दारापर्यंत गेला होता, आणि स्वागतकक्षातल्या मुलीने अपॉइंटमेंटच्या कागदावर "ईसीएचएस बेड नाही" असे लिहून दिले होते. तिला त्या तीन शब्दांचे वजन माहीत नसावे. त्या कागदाच्या आधारे पॉलिक्लिनिकने रुग्णालयाला लेखी जाब विचारला आहे.

तेव्हापासून संघटनेत येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी पाठ करायला लावतो. रुग्ण कुठेही दाखल होवो, त्याच दिवशी पॉलिक्लिनिकला मेल. आणि कोणी नाही म्हटले तर ते लिहून माग. लिहून देत नसेल तर तिथेच उभे राहून, कोण काय बोलले ते वेळेसह पॉलिक्लिनिकला मेसेज कर. भांडू नकोस, वेळ नसतो. फक्त नोंद कर.

काकूंच्या पाटल्या एप्रिलमध्ये सुटल्या. खास बाबीच्या अर्जाला पोच मिळाली आहे, निर्णय नाही. ऑक्टोबरमध्ये रजिस्टर पोस्टाने स्मरणपत्र पाठवले, त्याचीही पोच आली. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याच्या दहा तारखेला मेजरांच्या पेन्शनमधून कापला जातो.